नुनीस सरांची शनिवारची हजेरी

दुपारचे तीन वाजले असतील. मी भिंतीच्या अलीकडे, टंकलेखनाच्या हॉलमध्ये होते आणि ते पलीकडे, व्हरांड्यात. मधल्या भिंतीला त्यांनी बोटभर भोक पाडलं होतं आणि विटेची लाल भुकटी माझ्या नव्या सुती साडीवर सांडली होती. भोकातून निळ्या तारेचं टोक डोकावलं आणि मागोमाग आवाज आला.

“बाई, आली का?”

“आली.”

“ओढा. पण हळू. बोकडाचं दावं नाही ते.”

मी ओढत राहिले. ते “पुरे” म्हणाले तेव्हा थांबले. मग भोकाला एक डोळा लागला आणि डोळ्याने स्वतःची ओळख करून दिली, “मी पास्कोल नुनीस, गिरीजचा. तुम्ही?”

“जसिंता.”

“जसिंताबाई, इथे चहा मिळतो का?”

सरांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो चहाचा कप देताना. त्याआधीच आम्ही दोघांनी मिळून एक काम केलं होतं. पुढची सोळा वर्षं त्यांच्याशी माझा जो संबंध राहिला, त्याची सुरुवात इतकी साधी होती. आज सरांच्या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने या ग्रंथासाठी लिहायला बसले आणि सर्वांत आधी ती दुपार आठवली.

आमचं महिला केंद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. एक लांबट हॉल, मध्ये केळीच्या बागेचा छोटा तुकडा आणि पलीकडे सिस्टर फिलोमिना यांची कचेरी. मी कॉन्व्हेंटमधून शिकून बाहेर पडले ती थेट या हॉलमध्ये टंकलेखन शिकायला आले आणि नंतर शिकवायला इथेच राहिले. बावीस टाइपरायटर एकदम चालू झाले की रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं की आमच्या मुली कामाला लागल्या. मग टंकलेखनाची परीक्षा संगणकावर होऊ लागली. यंत्रं गेली आणि हॉल मुका झाला. खरं सांगते, मी त्या दिवसांत रडले होते. सिस्टरांनी देणगीतून बारा संगणक आणले. पण ते एकमेकांना जोडून द्यायला कोणी हवं होतं. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेले नुनीस सर, सिस्टरांच्या एका शब्दावर, आपली शिडी घेऊन आले. एक आठवडा लागेल म्हणाले होते. ते अजून येतात, निदान परवापरवापर्यंत येत होते.

हे काम आमच्यासाठी का महत्त्वाचं होतं ते सांगितलं पाहिजे. परीक्षेचा पेपर मुख्य संगणकावर येतो आणि तिथून बाराही बाकांवरच्या संगणकांपर्यंत पोहोचतो. तो पोहोचतो याची खात्री असेल तरच आमच्याकडे परीक्षा केंद्र राहतं. केंद्र गेलं तर मुलींना परीक्षेसाठी लांब जावं लागेल, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याजणी लांब जाऊच शकत नाहीत. कोणी पाचूबंदरला पहाटेचा मासळीचा लिलाव उरकून येते, कोणी मनवेलपाड्याहून मुलाला शाळेत सोडून येते. केंद्र इथे आहे म्हणून त्या परीक्षेला बसतात. नसेल तर बसणार नाहीत, इतकं ते सरळ आहे.

सरांनी पहिल्याच महिन्यात एक रीत घालून दिली. दर शनिवारी सकाळी संगणकांची हजेरी. प्रत्येक संगणकाला एक नंबर, जसा वर्गातल्या मुलीला असतो. अकरापासून बावीसपर्यंत बाकांचे, आणि पहिले दहा आकडे सरांनी राउटर, मुख्य संगणक वगैरे “मोठ्या माणसांसाठी” राखून ठेवले होते. राउटर म्हणजे ती भिंतीवरची दिव्यांची पेटी, जिच्यातून सगळ्यांचं बोलणं एकमेकांकडे जातं. हजेरी घ्यायची म्हणजे एका संगणकासमोर बसून दुसऱ्याचा नंबर टाकायचा आणि विचारायचं, आहेस का? चार वेळा विचारायचं. चार वेळा उत्तर आलं तर तार, जोड, पेटी सगळं ठीक. त्याला पिंग म्हणतात हे मला माहीत होतं, पण सर हजेरीच म्हणत.

त्यालाही क्रम होता. आधी संगणकाने स्वतःलाच विचारायचं. मग राउटरला. मग मुख्य संगणकाला. मग शेजाऱ्याला. आणि हे झालं की उठायचं, पलीकडच्या संगणकासमोर जाऊन बसायचं आणि तिथून पुन्हा उलटं विचारायचं. बाराच्या बारा बाकांवर बसायचं. मला हे फार वाटे. एकदा म्हणाले, “सर, अकरावरून सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी उत्तर दिलं. पुन्हा प्रत्येकीकडे कशाला जायचं?”

“बाई, तुम्ही आजारी माणसाला फोन करता, तो ‘बरा आहे’ म्हणतो. तुम्ही भेटायला जाता की नाही?”

“जाते.”

“मग उठा.”

सरांना एका वाक्याचा मनापासून राग होता. “नेट बंद आहे,” असं कोणी म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवत. “बंद आहे म्हणू नका. कुठपर्यंत जातं ते सांगा.” राउटरपर्यंत जातं, पुढे नाही? की स्वतःपाशीच अडलंय? आमच्या मुलींच्या जिभेवर हे इतकं बसलं की एकीने सासूबद्दल तक्रार करताना, “टीचर, माझं म्हणणं नवऱ्यापर्यंत जातं, पुढे जात नाही,” असं सांगितलं. सर तेव्हा शिडीवर होते. हसताना त्यांना शिडी धरावी लागली.

सरांचा स्वभाव गोड, पण ते तारेच्या बाजूने बोलत तेव्हा कोणाचीही भीड ठेवत नसत. हॉलपासून कचेरीपर्यंत केळींवरून गेलेल्या तारेवर सिस्टर धुतलेली वेदीची वस्त्रं वाळत घालायच्या. सर म्हणाले, “सिस्टर, देवाचं कापड आहे म्हणून ती काही बोलत नाही. पण वजन तिलाही लागतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिथे दोरी बांधून दिली. तारेपेक्षा उंच आणि उन्हात.

आता मी एका परीक्षेकडे येते. सरांचं मोठेपण मला ज्या दिवशी कळलं तो दिवस माझ्या चुकीचा होता आणि ती चूक सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

त्या वर्षी सतरा नंबरचा संगणक बिघडला होता. सरांनी तो दुरुस्तीला घरी नेला. तो काही आता उठत नाही, असं मी मनाशी धरून चालले. परीक्षा जवळ आली, सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि शेवटची हजेरी माझ्यावर आली. देणगीतून आलेला एक नवा संगणक मी सतराव्या बाकावर ठेवला आणि त्याला सतरा नंबर दिला. शाळेत असंच करतात ना? एक मुलगी शाळा सोडून गेली की तिचा नंबर नव्या मुलीला. कोपऱ्यात एक इवलीशी सूचना आली, ती मी न वाचताच मिटवली. मग अकराव्या बाकावर बसून मी सगळ्यांची हजेरी घेतली. सतराने चारही वेळा उत्तर दिलं. तो शुक्रवार होता, उपवासकाळ चालू होता आणि चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेची वेळ होत आली होती. मी उठून सतराव्या बाकावर बसले नाही. हजेरीच्या वहीत बाराही ठिकाणी सुबक खुणा केल्या. आमच्या शाळेतल्या नन्सनी समास आखून लिहायला शिकवलं होतं, त्यामुळे माझी वही दिसायला फार सुंदर होती.

परीक्षेच्या सकाळी निरीक्षक आले. मुली बसल्या. अकरा बाकांवर पेपरची वाट पाहणारा पडदा उघडला. सतरावर काहीच नाही.

सतराव्या बाकावर कल्पना तांडेल होती. पाचूबंदरची, दोन मुलांची आई. मच्छीमार सोसायटीत कारकुनाची जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबली होती, फक्त या प्रमाणपत्राची अट होती. निरीक्षक म्हणाले की साडेदहाला बॅच सुरू होईल, जी जोडली गेली नाही ती गैरहजर. आणि हॉलमधला एक संगणक पेपरला उत्तरच देत नाही हे त्यांना वर कळवावं लागेल. त्याचा अर्थ मला कळला. कल्पनाची परीक्षा जाणार होती आणि कदाचित केंद्रही.

“मला पुढच्या सहामाहीला या म्हनू नका टीचर,” कल्पना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. “आज लिलावाला आईला बशिवलंय. ती कोनाला पन टोपली देते, भाव करत नाय.”

मी सरांना फोन केला. ऑपरेशनला चार दिवस झाले होते. पंधरा मिनिटांत सर रिक्षाने आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगात घरचा सदरा. त्यांनी वही मागितली, उघड्या डोळ्याजवळ धरली.

“सतरावर तुम्ही स्वतः बसला होता?”

माझ्या तोंडून निघालं, “वहीत खूण आहे सर.”

ते रागावले नाहीत. “बरं. पहिल्यापासून करू,” म्हणाले. मला सतराव्या संगणकाची तार उपटायला सांगितली आणि स्वतः अकरावर बसले. मी तार उपटली. सरांनी सतराला विचारलं, आहेस का?

चारही वेळा उत्तर आलं.

तारेचं टोक माझ्या हातात होतं आणि सतरा नंबर ‘हजर’ म्हणत होता.

“मंग त्यातून कोन बोलतंय सर?” कल्पना म्हणाली. “भूत?”

“भूत नाही गं. प्रॉक्सी. कोणीतरी दुसरीच हजेरी लावते आहे.” आणि मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खिडकीबाहेर केळींकडे पाहिलं. “जसिंताबाई, चूक माझीही आहे. चला.”

कचेरीत सिस्टर फिलोमिना सणाचं पत्र टाइप करत बसल्या होत्या. सरांनी जुना सतरा दुरुस्त करून आणला होता आणि सिस्टरांचा संगणक अडत होता म्हणून त्याच्या जागी ठेवून दिला होता. पेट्या सगळ्या करड्या, एकसारख्या. मला पत्ता नव्हता. त्याचा नंबर बदलायचा राहिला आणि वहीत नोंद करायचीही राहिली. आता एका नंबरचे दोघे झाले होते. आधीपासून असलेला उत्तर देत होता आणि नव्याला कोणी बोलू देत नव्हतं.

“सिस्टर, दोन मिनिटं उठा.”

“पास्कोल, फक्त शेवटची ओळ...”

“सिस्टर, तुमच्या शेवटच्या ओळीपायी एका बाईचा पेपर अडलाय.”

सिस्टर इतक्या चटकन उठल्या की खुर्ची मागे पडली. सरांनी त्या संगणकाला एकतीस नंबर दिला. आम्ही धावत हॉलमध्ये आलो, म्हणजे मी धावले आणि सर एका डोळ्याने चाचपडत आले. मी तार पुन्हा जोडली आणि नवा संगणक बंद करून चालू केला. अजून सात मिनिटं होती. पेपर उघडेल म्हणून मी कल्पनाला बसायला सांगत होते. सर म्हणाले, “थांबा. आधी हजेरी.” त्यांनी मला सतराव्या बाकावर बसवलं. स्वतःला विचारलं. राउटरला विचारलं. मुख्य संगणकाला विचारलं. शेजारच्या अठराला विचारलं. मग अठराव्या बाकावरची मुलगी उठली, मी तिथे बसले आणि सतराला विचारलं. त्या सात मिनिटांत मला जितकं शिकायला मिळालं तितकं त्याआधीच्या सगळ्या शनिवारांत मिळालं नव्हतं. साडेदहाला बाराही पडद्यांवर पेपर होता.

परीक्षा संपली. निरीक्षक भले गृहस्थ होते. अहवालाचा कागद काढून ते म्हणाले, “सुरुवातीला वीज गेली होती असं लिहू या. विषय मिटला.”

मी मान हलवणारच होते.

“साहेब, वीज होती,” सर म्हणाले. त्यांनी कागद पुढ्यात ओढला आणि लिहिलं की एका संगणकाची जागा आपण बदलली पण नोंद केली नाही, त्यामुळे दोघांना एकच नंबर गेला. खाली सही केली. मग पेन माझ्यापुढे धरलं. सगळा दोष स्वतःकडे घेऊन त्यांना मला वाचवता आलं असतं आणि त्या क्षणी मला तेच हवं होतं. मी लिहिलं की सतराव्या बाकावर न बसताच मी खूण केली. माझं अक्षर तेव्हा अजिबात सुबक आलं नाही.

घरी जाताना सर म्हणाले, “केंद्र जाईलही. पण वहीवर भरवसा नसेल तर ते असून तरी काय?” पुढचे पाच आठवडे मी टपालवाल्याची वाट पाहत होते. पत्र आलं. केंद्र राहिलं. यापुढे हजेरीच्या वहीवर दोन माणसांच्या सह्या असाव्यात, एवढीच अट होती. कल्पना पास झाली आणि सोसायटीत लागली. त्या दिवशी तिने केंद्रात सुरमई पाठवली आणि उपवासकाळ संपला असल्यामुळे सिस्टरांनी ती आनंदाने ठेवून घेतली.

सरांच्या प्रेमळपणाच्या गोष्टी इथे जमलेल्या प्रत्येकाकडे असतील. माझी एकच सांगते. माझी आई शेवटच्या दोन वर्षांत अंथरुणावर होती आणि भाऊ परदेशात. सरांनी आमच्या घरी तार ओढून आईच्या खाटेशी पडदा बसवून दिला. दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की आई भावाशी बोलायची. मधेच चित्र थिजलं तर आई घाबरायची. तिला वाटायचं, त्याला काही झालं. सरांनी तिला एक कळ दाखवली आणि म्हणाले, “मावशी, चित्र थांबलं की ही दाबा. हिरवा ठिपका आला की समजायचं, घरातलं सगळं ठीक आहे आणि पोरगाही ठीक आहे, फक्त मधला रस्ता खराब आहे.” आई गेली त्या आठवड्यातही तिने ती कळ दाबली होती. त्या घरात सरांनी कधी चहाशिवाय काही घेतलं नाही.

गेल्या वर्षापासून सरांचा उजवा हात थरथरतो. आठ बारीक तारा रंगाच्या क्रमाने लावायच्या आणि टोक दाबून बसवायचं, हे आता त्यांच्याने होत नाही. डिसेंबरात एक टोक त्यांनी पाच वेळा कापलं आणि पक्कड खाली ठेवली. “आता तुम्ही,” म्हणाले. मी विषय बदलला. जानेवारीत ते आले नाहीत. दोन शनिवार वही कोरी राहिली. मीही साठी ओलांडली आहे आणि शिडीवर चढू शकत नाही. हे काम उचलेल अशी एकच, कल्पना, पण ती तर नोकरीवाली. पुढची परीक्षा उन्हाळ्यात आहे. हे सगळं मी सरांना सांगायला गिरीजला गेले, तेव्हा ते वाडीत खुर्ची टाकून बसले होते आणि समोर कल्पना. तिने आधीच सांगून टाकलं होतं, “सर, शनिवारी सोसायटी साडेअकराला उघडते. साडेनवाला मी येईन. पन एकटीच्यानं नाय होनार.” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी विषय बदलला नाही.

सरांना उदंड आयुष्य मिळो असं सगळेच लिहितील. मी माझ्यापुरतं मागणं मागते. त्यांचा डोळा असाच स्वच्छ राहो. हाताची थरथर आहे त्याहून वाढू नये. सकाळी त्यांना वाडीत स्वतःच्या पायांनी फिरता यावं, पत्नी बायोबाईंच्या हातची पेज चवीने जेवता यावी आणि शंभरीच्या ग्रंथात माझ्या या लेखातल्या चुका त्यांनी स्वतः दुरुस्त कराव्यात.

सरांनी शाल नको म्हटलं आहे. त्याऐवजी त्यांनी मला एक यादी सांगितली आणि ती ग्रंथात छापा म्हणाले, म्हणजे नंतर कोणी कुरबुर करणार नाही. त्यांनी सांगितली तशीच देते.

शिडी केंद्राला. तिच्या तिसऱ्या पायरीवर बसून अभ्यास करणाऱ्या मुलींना उठवू नये.

तारेचं उरलेलं वेटोळं सिस्टर फिलोमिना यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरांकडे. कपडे वाळत घालण्यासाठी वापरायचं नाही, हे तोंडी सांगावं.

सोळा वर्षांच्या वह्या हॉलमधल्या कपाटात, उघड्या. ज्या परीक्षेत घोळ झाला तिचं पान फाडायचं नाही. नव्या मुलींना आधी तेच दाखवायचं.

पक्कड कल्पनाला. तिचा हात मासळी कापून घट्ट झालेला आहे, टोक पहिल्याच दाबात बसेल.

तार तपासायच्या यंत्राचे दोन तुकडे असतात. एक तारेच्या या टोकाला लावायचा, दुसरा त्या टोकाला, तेव्हाच दिवे ओळीने लागतात. मोठा तुकडा कल्पनाने पाचूबंदरला आपल्या घरी ठेवावा, लहान तुकडा जसिंताबाईंनी आपल्या घरी. दोघींनी शनिवारी येताना आपापला घेऊन यायचा.